वर्कशॉपची चिठ्ठी: लेथ, लेखनिक आणि रॅम्पवरची अ‍ॅक्टिव्हा

मागच्या अंकात सहज दोन ओळी टाकल्या होत्या की आयटीआय नाहीतर पॉलिटेक्निकला जाणाऱ्या दिव्यांग पोरापोरींच्या अडचणी कळवा, तर पत्रं काय, व्हॉट्सॲप काय, नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या एका काकांनी तर दुपारी दीड वाजता फोन करून अर्धा तास बोलले, माझा वरणभात थंड झाला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून चार निवडलेत. मी टर्नर ट्रेडचा, म्हणजे लेथ मशीनवर लोखंड फिरवून कापायच्या कामाचा निदेशक होतो, वकील नाही की डॉक्टर नाही, त्यामुळे उत्तरात ग्रीसचा वास येणारच, सांभाळून घ्या.

नमस्कार सर, माझ्या मुलीला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, मशीन लावते पण फार फायदा नाही. तिनं हट्टानं आयटीआयला टर्नर घेतलं. आता सर म्हणतात लेथ चालू असताना आवाज ऐकू आला नाही तर अपघात होईन, आम्ही रिस्क घेत नाही, तर तिला जर्नल लिहायला बसवून राहिले. दोन महिने झाले पोरीनं मशीनला हात नाही लावला. घरी येऊन रडते. भांडू की ट्रेड बदलू?
– एक बाप, हिंगणा रोड

दादा, ट्रेड बदलू नका. आणि भांडण सध्या बाजूला ठेवा, ते नंतरही करता येते.

आधी त्या सरांचं म्हणणं बघू, कारण एकेकाळी मीही हेच म्हटलं होतं. माझ्या बॅचला असाच एक पोट्टा आला होता, मी त्याला स्टोअर सांभाळायला दिलं आणि मनात समाधान की आपण काळजी घेतली. तो रोज दारात उभा राहून बघायचा. एक दिवस मी जेवायला गेलो तर यानं पोरांच्या मदतीनं स्टेप टर्निंगचा जॉब काढून ठेवला, आणि माप घेतलं तर माझ्या ऐकू येणाऱ्या अर्ध्या बॅचपेक्षा बरा! तेव्हा लाज वाटली.

टर्नर माणूस कानानं काम करतो हे खरंच आहे, टूल बोथट झालं किंवा जॉब थरथरायला लागला की आवाज बदलतो. पण तीच थरथर हँडव्हीलवर ठेवलेल्या हाताला कळते, जॉबच्या अंगावर लाटांसारख्या रेघा उठतात त्या डोळ्याला दिसतात, आणि स्टीलच्या चिपा निळ्या पडायला लागल्या की गरम होतंय हे कुणी ओरडून सांगायची गरजच नसते. बहिरा मुलगा हे सगळं आपल्यापेक्षा लवकर पकडतो, कारण त्याचं लक्ष तिथेच असतं, आपलं अर्धं शेजारच्या मशीनवरच्या गप्पांत असते.

खरा धोका वेगळाच आहे आणि तो कुणी बोलत नाही. मशीन चालू असताना मागून येऊन खांद्यावर थाप मारायची सवय. तिला चाहूल लागत नाही, ती दचकते, हात चकजवळ, म्हणजे जॉब पकडून गरगर फिरणाऱ्या भागाजवळ असतो. म्हणून पूर्ण बॅचला एक नियम सांगायचा की तिला बोलवायचं तर समोरून, तिच्या नजरेत येऊन. दुसरं, तिच्या मशीनवर एक बल्ब लावायचा ज्याचं बटण सरांच्या टेबलाजवळ असेल. इलेक्ट्रिशियनच्या पोरांना प्रॅक्टिकल म्हणून द्या, एका तासात होते, खर्च एक होल्डर, बल्ब आणि काही मीटर वायर. इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण कुठे आहे हे तिला डोळे मिटून सापडलं पाहिजे, पण ते तर सगळ्यांनाच सापडायला पाहिजे.

आता शिकवण्याचं. आपण निदेशक लोक मशीनकडे तोंड करून बोलतो, म्हणजे पोरांकडे पाठ. ओठ दिसत नाहीत की काही नाही. त्यात कानाचं मशीन वर्कशॉपमध्ये उलटा त्रास देते, ते सरांचा आवाज वाढवते तसा बाजूच्या ग्राइंडरचाही वाढवते. म्हणून क्रम बदलायचा: आधी मशीन बंद ठेवून तिच्याकडे बघून सांगायचं, मग न बोलता करून दाखवायचं, मग तिच्याकडून करून घ्यायचं. जॉबची पायरी पायरीनं लिहिलेली शीट हातात द्यायची, चित्रं जास्त, वाक्यं छोटी. लहानपणापासून खुणांची भाषा वापरणाऱ्या पोरांना मराठी वाचन जड जाते, कारण ती त्यांची दुसरी भाषा असते, हे त्यांच्या बुद्धीवर घेऊ नये. थिअरीच्या वर्गात मोबाईलवर बोललेलं लिहून दाखवणारं लाइव्ह ट्रान्सक्राइब ॲप चालवा, शांत खोलीत बरं चालते. वर्कशॉपच्या गोंगाटात मात्र ते काहीच्या काही लिहिते.

हे सगळं तोंडी सांगू नका. अर्ज करा, आणि अर्जात "माझी मुलगी बहिरी आहे तरी सहानुभूतीनं विचार व्हावा" असलं लिहू नका, सहानुभूतीवर कुणी सही करत नाही. लिहा की डेमोच्या वेळी निदेशकांचं तोंड दिसत नाही म्हणून पायऱ्या सुटतात, त्यासाठी अमुक अमुक तीन गोष्टी हव्यात, आणि प्रॅक्टिकल अमुक तारखेपासून बंद आहे. दोन कॉपी घेऊन आवक-जावकच्या टेबलावर जा, एक द्या, दुसरीवर शिक्का आणि आवक नंबर घ्या. 2016 चा दिव्यांगजन हक्क कायदा आहे ना, त्यात अशा सोयींना वाजवी सोयी म्हटलंय, आणि त्या नाकारणं हा भेदभाव धरलाय.  अर्जानं नाही झालं तर जिल्ह्याची समिती, मग पुण्याला राज्याचे दिव्यांग आयुक्त. पण मला वाटते तुम्ही आधी त्या सरांसोबत एक चहा घ्या आणि बल्बची आयडिया सांगा. बरेचदा माणूस वाईट नसतो, घाबरलेला असतो.

सर मी डिप्लोमा सेकंड इयरला आहे, मेकॅनिकल. उजव्या हाताची बोटं आखडतात, अर्धा तास लिहिलं की पेन सुटतो. दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट 30 टक्क्यांचं आहे. कॉलेजमध्ये म्हणतात 40 च्या खाली रायटर (लेखनिक) मिळत नाही. मागच्या सेमला पेपर येत असून दोन विषय गेले.
– महालचा एक विद्यार्थी

मित्रा, "40 च्या खाली काहीच नाही" हे अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्यानंच लोकांचं वर्ष जाते. 40 टक्के लागतात ते आरक्षणाला, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थेत 5 टक्के जागा असतात त्याला. लेखनिकाचं वेगळं आहे. तुझ्यासारखाच हात आखडणारा एक उमेदवार यूपीएससीच्या परीक्षेसाठी सुप्रीम कोर्टात गेला होता, विकास कुमार केस, 11 फेब्रुवारी 2021 चा निकाल. कोर्टानं स्पष्ट सांगितलं की लेखनिक मिळायला 40 टक्क्यांची अट लावता येत नाही, लिहायला अडचण आहे की नाही ते बघा. त्यानंतर केंद्रानं 10 ऑगस्ट 2022 ला 40 च्या खालच्या लोकांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात ठरलेल्या नमुन्यातलं एक सर्टिफिकेट लागते, सरकारी दवाखान्याच्या समितीचं, की याला लिहायला अडचण आहे. टक्केवारीचं सर्टिफिकेट जिथून काढलं तिथेच आधी विचार. मेडिकल असो की मेयो, दोन्ही नागपूरचे सरकारी दवाखाने, सकाळी लवकर जा, डबा घेऊन जा.

तासाला कमीत कमी 20 मिनिटं जास्तीचा वेळ धरलाय, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. पण नुसता कोर्टाचा निकाल तोंडावर फेकू नको, परीक्षा विभागात फॉर्म भरायच्या वेळीच लेखी माग, पेपरच्या आदल्या दिवशी गेलास तर ते खरंच काही करू शकत नाहीत.

आणि आता जे कुणी सांगत नाही ते. रायटर मिळाला म्हणजे पेपर सुटला असं नाही. बारावीचा पोट्टा तुझा रायटर म्हणून बसला, त्याला टॉर्क माहीत नाही, सिग्मा माहीत नाही, तू म्हणशील "टाऊ बाय आर" आणि तो लिहील "टाऊ बाय यार". म्हणून जुने दोन पेपर त्याला बोलून लिहून घे, घड्याळ लावून. समीकरण बोलायची दोघांची एक पद्धत ठरव, कंस कुठे उघडला कुठे बंद केला ते पण बोलायचं. आकृतीसाठी "मध्ये आडवी रेघ, तिच्या डाव्या टोकाला गोल" असं सांगता यायला पाहिजे, ही प्रॅक्टिस नाही केली तर तो जास्तीचा तास रायटरला समजवण्यातच जाईन. ओळखीच्या कुणाला घेतलंस तर त्याचं शिक्षण तुझ्यापेक्षा कमी लागते हेही लक्षात ठेव, भावाला बसवतो म्हणून मोकळा होऊ नको, भाऊ इंजिनिअर असेल तर चालणार नाही.

सर, मुलगा इलेक्ट्रिशियन ट्रेडला आहे, आता कळलं की त्याला लाल-हिरवा फरक कळत नाही. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) निघेल का? ट्रेड सोडावा का?
– कामठीची एक आई

ताई, कार्ड नाही निघणार. 2016 च्या कायद्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व आहे, रंगांधळेपणा त्या यादीत नाही. पण यादीत नाही म्हणजे रस्ता बंद असं नाही. आपल्याच पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटनं एका रंगांधळ्या मुलाला एडिटिंगच्या कोर्सला नाही म्हटलं होतं, 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला घ्यायला लावलं.

वर्कशॉपमध्ये काय करायचं तर रंगावर विश्वास ठेवायचाच नाही. तसंही चांगला वायरमन ठेवत नाही, आपल्याकडच्या जुन्या घरांत कुणी कुठल्या रंगाची वायर कुठे घातली ते देवालाच माहीत, इतवारीत तर मी न्यूट्रलला लाल वायर पाहिली आहे. वायरच्या टोकाला नंबरचे फेरूल, म्हणजे छोट्या नळ्या घालायच्या, मल्टिमीटरनं कंटिन्युइटी, म्हणजे वायर इथून तिथपर्यंत जोडलेली आहे का ते बघायचं, टेस्टर लावल्याशिवाय हात लावायचा नाही. अर्थिंगला हिरव्यावर पिवळा पट्टा असलेली वायर मिळते, पट्टा असल्यामुळे ती रंग न कळणाऱ्यालाही ओळखू येते, तीच मागवायला लावा. रेझिस्टरचे रंगीत पट्टे असतील तर मीटरनंच मोजायचे.

एक कडू गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. रेल्वेत लोको पायलट व्हायचं स्वप्न असेल तर तिथे रंगदृष्टीची कडक तपासणी असते, ते सिग्नलचं काम आहे. आयटीआय करून पोरं तीच तयारी करतात आणि मेडिकलला बाद होतात. त्याला आजच कळू द्या, तीन वर्षांनी नको. पॅनल वायरिंग, मोटर रिवाइंडिंग, मेंटेनन्स, बुटीबोरीत आणि हिंगण्यात या कामाला माणसं लागतातच.

सर मी व्हीलचेअर वापरतो, मणक्याला मार लागला होता. कोपाला, म्हणजे आयटीआयच्या कॉम्प्युटर ऑपरेटरच्या ट्रेडला ॲडमिशन झालं. मेट्रोनं येतो, स्टेशनला लिफ्ट आहे, तिथपर्यंत मस्त. पण कॉम्प्युटर लॅब दुसऱ्या मजल्यावर. मित्र उचलून नेतात. संस्था म्हणते लिफ्टचा प्रस्ताव पाठवला आहे. शिवाय स्कॉलरशिपचं पण सांगा, सक्षमचा फॉर्म भरला तर चालेल का?
– प्रतापनगर

लिफ्टचा प्रस्ताव येईल तेव्हा तुझा मुलगा कोपा करत असेल! तू लिफ्ट मागू नको, खोली माग. तुझ्या बॅचची लॅब तळमजल्यावर आणा, तळमजल्यावरचं जे काही आहे ते वर जाऊ द्या. कॉम्प्युटर पायऱ्या उतरू शकतात, तू नाही. टाइमटेबल आणि खोल्यांची अदलाबदल प्राचार्यांच्या हातात असते, त्याला मुंबईची मंजुरी लागत नाही. उचलून नेणं बंद कर, मित्रांचं प्रेम आहे मान्य, पण एकाचा पाय घसरला तर तिघांचं नुकसान, आणि ज्या दिवशी ते दोघं गैरहजर त्या दिवशी तूही गैरहजर. यात टॉयलेटचं विसरू नको, दार किती रुंद आहे ते टेपनं मोजून अर्जात लिही. पोरं दिवसभर पाणी पीत नाहीत या भीतीनं, आणि नागपूरच्या उन्हात ते फार वाईट.

उन्हावरून आठवलं. मणक्याला वर मार लागलेल्यांना खालच्या अंगाला नीट घाम येत नाही, शरीर तापते आणि कळत नाही. मे महिन्यात 45 डिग्रीत टिनाच्या शेडखाली प्रॅक्टिकल असेल तर सकाळची बॅच माग, डॉक्टरांकडून तसं लिहून आण. ही चैन नाही.

सक्षम तुला चालणार नाही. ती एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची स्कॉलरशिप आहे, डिप्लोमा आणि डिग्रीवाल्यांसाठी, वर्षाला 50,000, दिव्यांगत्व 40 टक्के आणि घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत. पुढे आयटीआयनंतर डिप्लोमाला गेलास तर तेव्हा नक्की भर. आत्ता महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर प्रोफाइल भर आणि दिव्यांगच्या प्रश्नाला "हो" करायला विसरू नको, मग संस्थेच्या स्कॉलरशिपच्या टेबलावर विचार की तुझ्या ट्रेडला काय लागू आहे. त्याआधी यूडीआयडी, आधार आणि दहावीची मार्कलिस्ट तिन्हीवरचं नाव समोर ठेवून अक्षर अक्षर जुळव. एकात वडलांचं नाव मध्ये, एकात शेवटी, एवढ्यावरून फॉर्म परत येतात.

रॅम्प नसेल तर तोही माग, पण उताराचं माप लिहून माग: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. नाहीतर ठेकेदार तीन फुटांत घसरगुंडी करून देतो आणि त्यावर फरशी लावतो, चकचकीत. आणि रॅम्प झाला की पहिल्याच आठवड्यात त्याच्या तोंडाशी कुणाची तरी अ‍ॅक्टिव्हा उभी दिसेल, बहुतेक स्टाफपैकीच कुणाची, तर तिचा फोटो काढून ठेव, पुढच्या अर्जाला जोडायला कामी येईल.