पहिल्याच दिवशी गाणं शिकवायला जाऊ नकोस

अगं, सोमवारपासून संस्थेत येतीयेस ना, मग पोरांना सूर-ताल शिकवायचाय हे डोक्यातनं काढूनच ये, म्युझिक थेरपीत, म्हणजे संगीतातनं उपचार करताना, गाणं नीट येणं महत्त्वाचं नसतं. ऑटिझम असलेल्या काही पोरांना मोठा आवाज सहनच होत नाही, झांजा सुरवातीला कपाटातच ठेव. आपल्याकडं मिरजेचा तंबोरा आहे, त्याच्या भोपळ्यावर पोराचा हात ठेवू दे, तार छेडली की थरथर तळहाताला लागते, आमचा एक न बोलणारा मुलगा तर गालच टेकवून बसायचा. सुरवातीला म्हणायचं नमस्काराचं गाणं रोज तेच ठेव. डफावर दोन थापा मारल्या की थांब, मनात दहा आकडे मोज, पोरगं उत्तर देतं गं, आपणच घाई करतो. आणि आईबापांना "बोलायला लागेल" असला शब्द देऊ नकोस, फार आस लावून बसतात ते.