खबऱ्या की माफीचा साक्षीदार?

प्रश्न असा : 'सबू' नावाने वावरणारा अमेरिकन हॅकर एफबीआयच्या हाती लागला आणि त्यांच्यासाठीच काम करू लागला. त्याला मराठीत 'माफीचा साक्षीदार' म्हणावं का?

नको. माफीचा साक्षीदार हा कोर्टातला शब्द. आरोपीला माफी देऊ करायची आणि त्याने पिंजऱ्यात उभं राहून साथीदारांविरुद्ध साक्ष द्यायची, असा तो व्यवहार. सबूला, म्हणजे हेक्टर मॉन्सेगरला, माफी मिळालीच नाही. ऑगस्ट २०११ मध्ये त्याने गुन्हे कबूल केले, मे २०१४ मध्ये शिक्षाही झाली. आधी काढलेली सात महिन्यांची कोठडीच पुरेशी धरली गेली, इतकंच. त्याच्या मदतीने पकडला गेलेला हॅकर जेरेमी हॅमंड दहा वर्षांसाठी आत गेला, पण त्यानेही गुन्हा कबूल केला होता, त्यामुळे खटला उभा राहिला नाही आणि सबूच्या साक्षीची वेळच आली नाही.

त्याने केलं ते काम खबऱ्याचं. जून २०११ मध्ये पकडल्यावरही तो त्याच टोपणनावाने साथीदारांशी पूर्वीसारखाच गप्पा मारत राहिला. फरक एवढाच, की आता ते सगळं एफबीआय वाचत होती. मार्च २०१२ मध्ये अटकसत्राची बातमी फुटली, तेव्हा कुठे बाकीच्यांना कळलं.

'खबऱ्या'मध्ये तुच्छतेची छटा आहे, हे खरं. 'नकल्या', 'कळलाव्या' यांतला जो 'या', तोच इथे. पोलिसांच्या कागदांत म्हणून 'गुप्त बातमीदार' लिहितात. पण वर्तमानपत्रात तो शब्द वापरला, तर वाचकाला पत्रकारच आठवणार.

'फितूर' जपून वापरावा. कोर्टाच्या बातम्यांत फितूर साक्षीदार म्हणजे सरकार पक्षाचा असून ऐन वेळी जबाब फिरवणारा. इथे नेमकं उलटं घडलंय. शिवाय फितूर ठरवणार कोण? साथीदार. बातमी लिहिणाऱ्याने त्यांची बाजू का घ्यावी? 'घरभेदी'चंही तेच.

माझ्या मते नामापेक्षा क्रियापद जास्त कामाचं. 'एफबीआयने सबूला फोडलं' म्हटलं की दबाव, सौदा, पक्ष बदलणं सगळं एका शब्दात येतं. आमदार फोडतात तसंच! 'सबू फुटला' मात्र संदिग्ध; त्याने नुसतं तोंड उघडलं, असाही अर्थ निघतो.

अल्बर्ट गोन्झालेझ या दुसऱ्या अमेरिकन हॅकरला मात्र यातलं काहीच नीट बसत नाही. २००३ मध्ये पकडल्यावर तो अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसचा पगारी खबऱ्या झाला, २००४ मध्ये क्रेडिट-डेबिट कार्डांचे नंबर चोरणाऱ्यांची टोळी पकडून दिली आणि त्याच सुमारास स्वतः कोट्यवधी कार्डांचे नंबर चोरण्याच्या उद्योगाला लागला. २०१० मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. त्याच्यासाठी वेगळं नाम शोधण्यापेक्षा 'दोन्ही डगरींवर पाय ठेवून होता' असं सरळ लिहावं.

जाता जाता : अनेकवचन 'खबरे'. 'दोन खबऱ्या पकडले' लिहू नका.