आरोग्य प्रश्नोत्तरे : गोवराचा राहून गेलेला डोस

प्रश्न : माझी नात दोन वर्षे पूर्ण करून तिसऱ्यात आहे. गोवर-रुबेलाची पहिली लस तिला दहाव्या महिन्यात दिली; दुसरीच्या वेळी सर्दी होती म्हणून ती राहून गेली. आमच्या लहानपणी घरोघर गोवर निघत असे आणि कडुनिंबाच्या पाल्यावर मुले बरी होत. मग आताच एवढी धावपळ कशासाठी?
– एक आजी, डिचोली

उत्तर : आधी नातीविषयी. राहून गेलेला डोस पाचव्या वर्षापर्यंत सरकारी केंद्रात विनामूल्य मिळतो, तेव्हा येत्या लसीकरणाच्या दिवशीच तिला घेऊन जावे. साध्या सर्दीसाठी तो पुढे ढकलण्याची गरज नव्हती. पहिल्या डोसाच्या वयात काही बाळांच्या अंगात आईकडून आलेली प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) शिल्लक असतात आणि ती लसीला नीट काम करू देत नाहीत. त्यामुळे त्या डोसाने शंभरांपैकी सुमारे ८५ मुलांनाच संरक्षण मिळते. उरलेली मुले कोणती, हे बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान सर्वांनाच दुसरा डोस देतात.

घरोघर गोवर निघत असे हे खरे, परंतु त्यातून न उठलेल्या मुलांविषयी घरात फारसे कुणी बोलत नसे. १९६३ मध्ये लस येण्यापूर्वी जगात दरवर्षी अंदाजे २६ लाख माणसे गोवराने दगावत. जी मुले वाचत, त्यांतील काहींना न्यूमोनिया होई, काहींची दृष्टी जाई. शिवाय इतर रोगांविरुद्ध शरीराने कमावलेली प्रतिकारशक्तीही गोवर बऱ्याच अंशी पुसून टाकतो, हे आता सिद्ध झाले आहे.

प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना बाधित करू शकतो आणि त्याने सोडलेल्या खोलीच्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत टिकतो. म्हणूनच त्याला रोखायला ९५ टक्के मुलांचे दोन्ही डोस पूर्ण व्हावे लागतात, आणि तेही राज्याच्या सरासरीत नव्हे, तर प्रत्येक वाड्यावर. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्त्यांत साथ भडकली, ती डोस राहून गेलेल्या मुलांत. २००० साली गोवरमुक्त घोषित झालेल्या अमेरिकेत २०२५ मध्ये टेक्सासमधील कमी लसीकरण असलेल्या समाजात तो पसरला, तर कॅनडाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हा दर्जा गमावला. लसीचा स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) संबंध जोडणारा १९९८ चा निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला, तरी त्यातून निघालेली अफवा अजून फिरतेच आहे.

फेब्रुवारी २०१७ मध्ये देशातील गोवर-रुबेला मोहिमेला ज्या मोजक्या राज्यांतून प्रारंभ झाला, त्यांत गोवा होता आणि पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तेव्हा लस देण्यात आली. त्या मोहिमेच्या आठवणीवर आपण निर्धास्त राहतो, असे मला वाटते. आपल्या नातीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तिच्या पिढीची भिस्त नेहमीच्या दोन डोसांवरच आहे.

प्रश्न : शेजारच्या बांधकामावरील मजुराच्या मुलाला ताप आणि पुरळ आले. आरोग्य केंद्राचे कर्मचारी आमच्याकडेही येऊन मुलांची कार्डे पाहून गेले. आमचा काय संबंध? आणि त्या मुलांची कार्डे गावीच राहिली असतील, तर त्यांना येथे लस मिळते का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : पुरळ दिसण्यापूर्वी चार दिवस रुग्ण इतरांना लागण देऊ लागतो, त्यामुळे रोग कळेपर्यंत तो शेजारी पोहोचलेला असू शकतो. म्हणून रक्ताचा नमुना तपासणीला पाठवून, अहवालाची वाट न पाहता, आसपासची घरे पाहिली जातात. संपर्कानंतर ७२ तासांच्या आत दिलेली लस पुष्कळदा आजार टाळते किंवा सौम्य करते, तेव्हा कार्ड पाहू देणे आपल्याच मुलांच्या हिताचे आहे.

लस कोणत्याही राज्यातील मुलाला येथे मिळते. कार्ड वा नोंद नसेल, तर डोस झालेला नाही असे धरून तो देतात. एखादा जादा झाला तरी अपाय होत नाही. मजुरांना हे कुणी सांगितलेले नसते, ते आपण सांगावे. ‘गोवर पुरता बाहेर पडू दे’ म्हणून त्या मुलाला घरी ठेवू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला वयानुसार अ जीवनसत्त्वाचे दोन डोस दोन दिवसांत द्यावेत. पुरळ उठल्यापासून चार दिवस त्याला इतर मुलांपासून दूर ठेवावे, आणि दवाखान्यात नेण्यापूर्वी फोन करावा, म्हणजे त्याला तान्ह्या बाळांच्या रांगेत बसवले जाणार नाही.