वडिलांसोबत खोललेली जुनी बीटल अर्धवट पडून आहे. गॅरेजला देऊन पुरी करून घेऊ की विकून टाकू?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजात असताना वडिलांसोबत खोललेली फोक्सवॅगन बीटल वर्षानुवर्षं डब्यांमध्ये पडून आहे आणि वडिलांना आता खाली बसवत नाही. मी त्यांच्या बाजूचा माणूस. माझी आणि मुलीची बीटलही अजून अर्धवटच आहे. तेव्हा 'विकू नका' असं मी म्हणणारच, पण कारणं ऐका.

सगळी गाडी गॅरेजला देणं मला सर्वांत वाईट वाटतं. दुसऱ्याने खोललेली गाडी जोडायला चांगला मेकॅनिक सहजी तयार होत नाही. झालाच, तर कुठला बोल्ट कुठला हे शोधण्यातच त्याचा वेळ जातो, आणि ते बिल तुमच्या माथी. ही माहिती आज फक्त वडिलांच्या डोक्यात आहे. म्हणून आधी त्यांना खुर्चीत बसवा, एकेक डबा टेबलावर ओता आणि ते सांगतील तसं पिशव्यांवर मार्करने लिहा. आमच्याकडे मुलीने एक वाकडातिकडा पत्रा भंगारात टाकला होता. तो इंजिनाभोवती बसणाऱ्या पत्र्यांपैकी निघाला. या इंजिनाला पाणी नाही, सगळी भिस्त पंख्याच्या हवेवर. तो पत्रा राहिला की खालची तापलेली हवा पंखा पुन्हा आत ओढतो.

मग इंजिन हातात घ्या. ते गिअरबॉक्सला चारच ठिकाणी बोल्टने धरलेलं असतं, त्यामुळे बाहेर काढून स्टँडवर घेता येतं आणि वडील बसल्या बसल्या काम करू शकतात. स्टार्टर मारायची घाई नको. प्लग काढा, सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं तेल सोडा, काही दिवस मुरू द्या आणि मग मागच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवून बघा. अडलं तर जोर करू नका. प्लगच्या वायरी सिलिंडर पेटण्याच्या १-४-३-२ या क्रमाने लावा. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा भाग यांच्यातली फट, इंजिन गार असतानाच लावायची, नंतरच्या बहुतेक इंजिनांना ०.१५ मिमी. पेट्रोलचे रबरी पाइप मात्र एकूण एक नवे घाला, इथे काटकसर नको. या गाड्या पेटतात त्या बहुधा तिथूनच.

गाडी हलण्याआधी ब्रेकचे सिलिंडर आणि पाइप बघून घ्या, ब्रेक ऑइल पाणी शोषतं आणि आतून गंज धरतो.

पत्र्याचं काम वेल्डरकडेच द्या. दाराखालचे पोकळ चॅनल, ज्यांतून हीटरची हवा जाते, ते सडलेले असणारच. त्यांच्यावर बॉडीची ताकद असते. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी पट्टी टाकायला सांगा आणि दोन्ही बाजू एकदम कापू देऊ नका, नाहीतर पुढे दारं लागत नाहीत. रंग सगळ्यात शेवटी. नाही झाला तरी चालेल. आमची प्रायमरमध्येच, म्हणजे रंगाआधीच्या थरावरच, फिरते.

वडील स्वतःहून 'विक' म्हणाले तर विका. पिशव्यांवर नावं असलेल्या गाडीला गिऱ्हाईकही बरं मिळतं. फक्त त्यांना 'काय करायचं हिचं?' असं विचारू नका. आम्ही बाप लोक त्यावर 'तुला वेळ नाही, दे काढून' एवढंच म्हणतो. कार्बोरेटर घेऊन त्यांच्यासमोर बसा आणि आतला पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट कसा बसवायचा ते विचारा.