जुन्या पोर्शे ९११ चा हीटर कोमट हवा देतोय?
अरे भावा, लगेच हीट एक्सचेंजर (एक्झॉस्टच्या उष्णतेवर हवा तापवणारा भाग) बदलायला धावू नकोस, लय महाग प्रकरण आहे ते. ह्या गाडीला रेडिएटरच नाही, इंजिनचा पंखा ढकलतो तीच हवा एक्झॉस्टभोवती तापून आत येते, म्हणजे वाटेत गळती असली की आत गारठा. इंजिन गार असताना गाडीखाली जा, कोणालातरी दोन सीटच्या मधला हीटरचा लिव्हर ओढायला सांग आणि गरम हवा आत सोडणारे दोन्हीकडचे फ्लॅप पूर्ण उघडतात का बघ, बऱ्याचदा केबल ढिली नाहीतर फ्लॅप गंजून अडकलेला असतो. हवेचे होस (पाइप) फाटलेले दिसले तर सरळ बदल, टेप गुंडाळत बसू नकोस. आणि केबिनमध्ये धुराचा वास आला तर हीटर बंद, काचा खाली, गाडी थांबव. धुराबरोबर येणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो रे! बाकी सिग्नलला उभं असताना हवा कमीच येणार, पंखा इंजिनच्या स्पीडप्रमाणेच कमी-जास्त फिरतो.