शंका-समाधान : 'लोड' आहे, पण कशाचा?

वायरमन, गॅरेजवाला, मोटर रिवाइंडिंगवाला आणि कॉलेजातली मुलं, सगळ्यांच्या तोंडी 'लोड' असतो. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : सकाळी गिझर, इंडक्शन शेगडी आणि इस्त्री चालू असली की अर्ध्या-पाऊण तासानं एमसीबी (जास्त वीज वाहिली की आपोआप बंद होणारा बोर्डावरचा खटका) पडतो. वायरमन म्हणतो, "लोड जास्त आहे, बिलावरचा मंजूर भार वाढवून घ्या." बिलावर २ किलोवॅट लिहिलंय. वाढवल्यावर एमसीबी पडायचा थांबेल का?

उत्तर : नाही थांबणार. इथे दोन वेगळ्या लोडची गल्लत झाली आहे. मंजूर भार म्हणजे तुम्हाला किती वीज वापरता येईल हे वीज कंपनीनं कागदावर मान्य केलेला आकडा. घरातल्या सगळ्या उपकरणांच्या वॅटची बेरीज तो जोडभार. एमसीबीला यातलं काहीच कळत नाही. त्याच्यातून त्या घडीला किती अँपियर वाहतात, एवढंच तो बघतो.

वॅटला २३० नं भागा, अँपियर मिळतात. २,००० वॅटचा साठवणीचा गिझर ८.७, २,००० वॅटची शेगडी ८.७, १,००० वॅटची इस्त्री ४.३. एकूण २१.७. एमसीबीवर 'सी १६' असं छापलेलं असेल, तर तो १६ अँपियरचा. मग १६ ओलांडताच का पडत नाही? कारण आतली द्विधातूची पट्टी तापून वाकायला वेळ लागतो. क्षमतेच्या १.१३ पट, म्हणजे सुमारे १८ अँपियर, तो तासभर सोसतो. १.४५ पटीला, म्हणजे २३.२ अँपियरला, तासाच्या आत पडलाच पाहिजे. तुमचे २१.७ या दोन्हींच्या मधले, म्हणून तो कधी पाऊण तासानं पडतो, कधी पडतही नाही. गिझर आणि शेगडी दोनच चालू असली तर बेरीज १७.४ होते आणि एमसीबी गप्प बसतो. बटण दाबताक्षणी खटकन पडत असेल तर तो लोड नव्हे. कुठेतरी शॉर्ट आहे, आधी तो शोधा.

यावर सर्रास होणारा आणि घातक उपाय म्हणजे १६ काढून ३२ चा एमसीबी बसवणं. भिंतीतली वायर जुनी १.५ चौरस मिलिमीटरचीच राहते. आता एमसीबी पडत नाही, तापते ती वायर. आधी सॉकेटमागचं इन्सुलेशन पिवळं पडतं, मग वितळतं. एमसीबी वायरीच्या रक्षणासाठी असतो, गिझरच्या नव्हे. खरा उपाय एकच : गिझरला मेन बोर्डापासून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर आणि तिचा स्वतंत्र १६ चा एमसीबी. ते होईपर्यंत इस्त्री दुपारी करा. मंजूर भाराचा अर्जही करायला हवाच, तुमचा जोडभार २ किलोवॅटच्या केव्हाच पुढे गेलाय. पण ते काम वेगळं.

प्रश्न : विहिरीवर ५ एचपीची थ्री फेज मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर) आहे. आमचा वायरमन म्हणतो, "मोटर लोड घेते." शेजारच्या मळ्यातही तीच मोटर, तिथे म्हणतो, "मोटर लोडच घेत नाही." दोन्ही तक्रारीच कशा?

उत्तर : दोन्ही खऱ्या आहेत. मोटरच्या पाटीवर अँपियर लिहिलेले असतात. ५ एचपीला ४१५ व्होल्टवर साधारण साडेसात. मीटर त्याहून वर गेला की 'लोड घेते', फारच खाली राहिला की 'लोड घेत नाही'.

शेजारचं दुखणं सोपं आहे. मोटर फिरते पण पाणी उचलत नाही. फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तळाची झडप) गळतोय, सक्शनच्या जोडातून हवा ओढली जातेय किंवा इंपेलरची (पंपातल्या फिरत्या चाकाची) चावी तुटलीय. पंप पाण्यानं भरून बघा. भरलेलं पाणी खाली उतरत असेल तर फूटव्हॉल्व्ह धरा.

तुमच्याकडे आधी व्होल्टेज बघा. ३४० व्होल्टवर तेच काम करायला मोटर नऊच्या वर अँपियर ओढते. व्होल्टेज ठीक असेल तर बेअरिंग, अडकलेला गाळ, घट्ट आवळलेलं ग्लँड (शाफ्टभोवती पाणी अडवणारं पॅकिंग). आणि पावसाळ्यात एक गोष्ट हमखास विसरली जाते : विहिरीचं पाणी वर आलं की हेड (पाणी चढवायची उंची) कमी होतं, पंप जास्त पाणी फेकतो आणि जास्त अँपियर ओढतो. लोकांना उलटं वाटतं, की पाणी जवळ आलं म्हणजे मोटरला आराम. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा थोडा आवळत न्या, अँपियर पाटीवरच्या आकड्यावर येतील तिथे थांबा.

स्टार्टरचा ओव्हरलोड रिले (अँपियर जास्त झाले की मोटर बंद करणारा) सारखा पडतो म्हणून त्याचा काटा वर सरकवू नका, वाइंडिंग जळतं. डीओएल (मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू करणाऱ्या) स्टार्टरला रिले पाटीवरच्या अँपियरवरच ठेवायचा. स्टार-डेल्टात (मोटर आधी कमी व्होल्टेजवर सुरू करून मग पूर्ण व्होल्टेजवर नेणाऱ्या स्टार्टरात) रिले वाइंडिंगच्या वाटेवर असेल तर ०.५८ नं गुणा : १० एचपीची मोटर, पाटीवर १४ अँपियर, सेटिंग ८.१. तिथे १४ ठेवलं तर रिले असून नसल्यासारखाच.

प्रश्न : बैठकीवरचा लोड आणि हा लोड एकच का?

उत्तर : नाही. लोड-तक्क्यातला लोड आपला जुना शब्द. फरक बोलण्यातच दिसतो : आपण 'लोडाला' टेकून बसतो, पण मोटर 'लोडमुळे' जळते. मुलांचं 'लोड घेऊ नको' मात्र मोटरीच्या गोतावळ्यातलं.

प्रश्न : ७ किलोचं वॉशिंग मशीन म्हणजे ७ किलो ओले कपडे की सुके?

उत्तर : सुके, आणि तेही सुती. फ्रंट लोडमध्ये कपडे टाकल्यावर वर वीतभर जागा मोकळी राहिली पाहिजे; ठासून भरले तर ते आपटत नाहीत, साबण तसाच राहतो. एकटी जाड चादरही टाकू नका. ती भिजून एका बाजूला गोळा होते, मशीनला तोल साधता येत नाही आणि पिळायच्या वेळी ते थांबून राहतं.

प्रश्न : गाडीच्या टायरवर १६५/८० आर १४ च्या पुढे '८५ एस' आहे. गॅरेजवाला ८५ ला लोड म्हणतो. ८५ किलो?

उत्तर : तो तक्त्यातला क्रमांक आहे, किलो नव्हेत. ८५ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५१५ किलो. ८२ म्हणजे ४७५, ८८ म्हणजे ५६०. 'एस' म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत. टायर बदलताना मूळ क्रमांकाहून कमी घेऊ नका, स्वस्त मिळाला तरी. आणि हे ५१५ किलो पूर्ण हवा असतानाचे. हवा कमी असेल तर टायरची बगल वाकून वाकून तापते, आणि गाडीत चारच माणसं असली तरी तो फुटू शकतो.