हप्ता चुकायच्या आधीच घर जायला लागतं

नागपूर

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

बेसा भागातला फ्लॅट पक्का केल्याचं कळलं, फार आनंद झाला. ३० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं मुदत, म्हणजे हप्ता २६,०३५ रुपये. हातात ६५ हजार पगार येतो, त्यात हा हप्ता बसतो. पण ज्यांची घरं पुढे लिलावात निघतात, त्यांचाही हप्ता पहिल्या दिवशी बसलेलाच असतो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पहिल्या हप्त्यातले २१,२५० रुपये नुसत्या व्याजात जातात, मुद्दल फिटतं अवघं ४,७८५. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरलास आणि दर तोच राहिला, तरी साधारण २६ लाख ४४ हजार देणं उरतंच. म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत घर कागदावर तुझं, पण बहुतांश बँकेचं. आणि नेमकं तेव्हाच माणूस घर सजवायला काढतो.

मॉड्युलर किचन आणि फर्निचरसाठी तीन लाखांचं पर्सनल लोन घेतलंस, १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी, तर हप्ता १०,२५० च्या घरात. त्यात पाच लाखांचं गाडीचं कर्ज, साडेनऊ टक्के, पाच वर्षं, की आणखी १०,५००. आता तिन्ही हप्ते मिळून ४६,७८९ झाले. घर चालवायला उरले १८,२११. यातला एकेक खर्च तेव्हा रास्तच वाटतो, उधळपट्टी कुणालाच दिसत नाही.

१८ हजारांत किराणा, पेट्रोल, सोसायटीचा मेंटेनन्स आणि आईचं औषध कसंबसं भागतं. मग मे महिना येतो. कूलरनं भागत नाही म्हणून एसी लागतो आणि विजेचं बिल फुगतं. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या अखेरीला उघडतात, म्हणजे बिलाच्या पाठोपाठ फी, वह्या, गणवेश. महानगरपालिकेचा घरटॅक्स आणि विम्याचा हप्ता तर आपण महिन्याच्या हिशेबात धरतच नाही. ही खिंडारं क्रेडिट कार्डानं बुजवली जातात.

कार्डाचं बिल हातात घेऊन नीट बघ. वर ठळक अक्षरात 'मिनिमम ड्यू', म्हणजे किमान भरायची रक्कम असते, तेवढंच भरून माणूस मोकळा होतो. ८० हजार थकले आणि महिना साडेतीन टक्के दर असला, तर व्याज २,८०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ५०४, असे ३,३०४ रुपये दरमहा मुद्दलाला हातही न लावता जातात. शिवाय बाकी थकली असताना नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, बिनव्याजी मुदत मिळत नाही.

खरी चूक पुढे होते. कार्डवाल्यांचे फोन रोज येतात, घरकर्जाची बँक सुरुवातीला शांत असते. म्हणून माणूस कार्ड भरतो आणि घराचा हप्ता मागे ठेवतो. क्रम उलटा हवा. कार्ड थकलं तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा बिघडतो, वसुलीचा तगादा लागतो, दावाही होऊ शकतो. पण तारण ठेवलेलं आहे ते घर. कार्डाचं देणं फेडायला घरावर टॉप-अप, म्हणजे त्याच घरकर्जावर वाढीव कर्ज घेणं मला तर सर्वांत घातक वाटतं. जे कर्ज घराला चिकटलेलं नव्हतं, ते आपण होऊन घरावर चढवायचं! कार्ड कायमचं बंद करणार असशील तरच तो विचार कर.

आता दिवस मोजायला शीक. सर्वांत जुना थकलेला हप्ता ९० दिवसांच्या पुढे गेला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज होतं. त्याआधी एक जरी पूर्ण हप्ता भरलास, तरी मोजणी पुढच्या थकलेल्या हप्त्यापासून होते. एनपीए झाल्यावर मात्र सगळी थकबाकी भरल्याशिवाय खातं पूर्ववत होत नाही. मग सरफेसी कायद्याच्या, म्हणजे कोर्टात न जाता बँकेला तारण विकू देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(२) ची नोटीस येते, आणि ती तीन-चार हप्त्यांची नसते, संपूर्ण कर्जाची असते. मुदत ६० दिवस. ती नोटीस कपाटात टाकून देऊ नये. लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यानंतर दारावर ताब्याची नोटीस चिकटते आणि वर्तमानपत्रात छापून येते. त्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येतं, ते नागपुरातच आहे. लिलावात घर कमी पैशांत गेलं, तर उरलेलं देणं तरीही तुझ्याच डोक्यावर राहतं.

म्हणून पैसे कमी पडणार असं दिसताक्षणी, हप्ता बाऊन्स होण्याआधी, शाखेत जाऊन मुदत वाढवून मागायची, तीही लेखी, पोच घेऊन. पण त्यावर फार भिस्त ठेवू नको. पाच वर्षांनी उरलेली १५ वर्षांची मुदत पुन्हा २० केली, तरी हप्ता साधारण २२,९४५ होतो, म्हणजे सुटका जेमतेम ३,१०० रुपयांची. गाडी विकली तर १०,५०० सुटतात. आणि घर ठेवणं खरंच अशक्य झालं, तर नोटीस येण्याआधी स्वतः विकावं. नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता येत नाही. आपण विकलं तर बाजारभाव मिळतो आणि बँकेचं फेडून चार पैसे हाती राहतात.

फ्लॅटचा ताबा घेण्याआधी तीन हप्त्यांचे ७८,१०५ रुपये वेगळ्या मुदत ठेवीत टाक. नोकरी गेली किंवा घरात आजारपण आलं, तर ते तीन महिने ९० दिवसांची मोजणी सुरूच होणार नाही. किचनचं काम तोवर थांबू दे, ओटा आणि दोन मांडण्यांवर वर्षभर स्वयंपाक होतो. हप्त्याची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाची मागून घे, महिनाअखेरची नको.

रविवारी येशील तेव्हा कर्जाचं मंजुरीपत्र आणि मागच्या सहा महिन्यांची कार्डाची बिलं घेऊन ये. सूनबाईलाही आण, सहकर्जदार म्हणून तिचीही सही होणार आहे.

तुझा,
मामा